पुसलेलं वाचून मिळेल

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, हार्ड डिस्क पुसून देणाऱ्या 'निर्लेख' केंद्राच्या बरोब्बर समोर, झेरॉक्सवाल्या भूषण ढिकलेनं नवा बोर्ड लावला. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं : 'पूसलेलं वाचून मिळेल. फोटो, व्हिडीओ, हीशोब. थांबा आणि घेऊन जा.'

मालविका गायधनीनं आपल्या केबिनच्या काचेतून तो वाचला. आधी तिला ऱ्हस्व-दीर्घाचा राग आला, मग हसू आलं. काल-परवापर्यंत हा माणूस लोकांच्या ओळखपत्रांना प्लॅस्टिक चढवत होता, पासपोर्टच्या फोटोत गिऱ्हाइकांना उसना कोट घालत होता. आता म्हणे पुसलेलं वाचणार! उद्या विझलेल्या उदबत्तीचा धूर परत काडीत घालून देईल.

हसण्याचा तिला अधिकार होता. चुंबकीय पदार्थांवर तिची डॉक्टरेट होती आणि 'निर्लेख' तिनं एकटीनं उभं केलं होतं. दुर्मिळ धातूंची टंचाई पडल्यापासून सरकारनं हार्ड डिस्क फोडायला किंवा वितळवायला बंदी घातली होती. जुनी डिस्क पुसायची आणि कुठल्या तरी शाळेत, ग्रामपंचायतीत, वाचनालयात पुन्हा कामाला लावायची, असा कायदा होता. पण ती खरोखर पुसली गेली याची हमी कोण देणार? ती मालविका देई. तिच्या यंत्रांवर डिस्कच्या तबकडीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी नुसती शून्यं, मग नुसते एक, मग वाटेल तसे आकडे, असे सात हात फिरत. मग मिळे शून्यपत्र. खाली तिची सही. जिल्ह्यातल्या बँका, दवाखाने, वकील त्या सहीवर डोळे मिटून झोपत.

आणि गिऱ्हाइकं? गिऱ्हाइकांबद्दल न बोललेलं बरं. एका निवृत्त अधिकाऱ्यानं डिस्क कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्या होत्या. एका बिल्डरनं ती स्विमिंग पूलमध्ये बुडवून, वाळवून, वर पावडर लावून आणली होती. सगळ्यांत मोठा गठ्ठा होता तो "मॅडम, मी कॉम्प्युटरमधली कचराकुंडी रिकामी केलीये की!" असं छाती फुगवून सांगणाऱ्यांचा. "पुस्तकाची अनुक्रमणिका फाडलीत तुम्ही," मालविका त्यांना सांगे, "पुस्तक तसंच आहे." तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. पुसण्यासारखं काही या लोकांच्या डिस्कमध्ये असेल यावरही तिचा विश्वास नव्हता. लग्नाचे व्हिडिओ, कर चुकवल्याचे आकडे, आणि ज्या बाईला किंवा बुवाला पाठवायला नको होते ते निरोप. म्हणून तर 'निर्लेख'मध्ये आत काय आहे हे बघायचं नाही, असा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. लोकांना वाटे, केवढी सचोटी! मालविकाला स्वतःपुरतं माहीत होतं की त्यात सचोटी होतीच, पण थोडी किळसही होती.

आठवडाभर तिनं समोरच्या दुकानात माणसं शिरताना पाहिली. मग तिला राहवेना. दिंडोरीकडच्या शाळांमधून कुरकुरायला लागल्या म्हणून परत आलेल्या डिस्कचा ढीग मांडणीवर होता. सगळ्यांवर तिचाच शिक्का. त्यातली हाताला लागली ती उचलली आणि ती रस्ता ओलांडून गेली.

"मॅडम, तुम्ही स्वतः?" भूषण उठूनच उभा राहिला. "बसा, बसा. चहा सांगतो."

"चहा नको. हे वाचून दाखव."

काउंटरवर मिक्सरएवढा करडा डबा होता. भूषणनं डिस्क उघडून आतली तबकडी चिमट्यानं उचलली आणि त्या डब्यात ठेवली. तबकडीवर बोटाचा ठसा उमटू नये एवढी तरी अक्कल त्याला कुणीतरी शिकवलेली दिसत होती.

"हे चालतं कसं, माहीत आहे तुला?"

"मला काय करायचंय? फ्रीज तरी कसा चालतो कुठं माहितेय! दूध थंड होतंय ना, झालं."

मालविकानं डब्याच्या मागचा कागद वाचला. 'काठवाचक. हिरकसुई पद्धत.' ही कल्पना तिनं ऐकलेली होती. बंगळूरच्या एका परिषदेत एका तरुण संशोधकानं ती मांडली होती. डिस्कवर लिहिणारं टोक दर वेळी अगदी त्याच रेषेवरून जात नाही, केसाच्या हजाराव्या भागाएवढं इकडेतिकडे सरकतं. त्यामुळे नवं लिहिलं तरी रेषेच्या काठाला जुनं उरतं. रंगाऱ्यानं भिंतीला कितीही हात मारले तरी विजेच्या बटणांच्या पेटीच्या कडेला जुना रंग उरतो, तसं. हिऱ्याच्या कणाची सुई केली तर ते काठ वाचता येतील, असं तो म्हणत होता. प्रश्नोत्तरांत मालविका उठली होती. "हिऱ्यानं धूळ मोजण्याची हौस श्रीमंत देशांना परवडो," एवढंच म्हणून ती बसली होती, आणि सभागृह खो खो हसलं होतं.

ती हौस आता झेरॉक्सच्या दुकानात पोचली होती.

पडद्यावर आधी करडी धूळ दिसली. मग पट्टे. पट्ट्यांतून एक खोली उमटली. लोखंडी कपाट, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, आणि समोर दोन वेण्यांची सतरा-अठरा वर्षांची मुलगी. आवाज खरखरत आला. "मी तेजल कारभारी भामरे. प्रवेश परीक्षेसाठी हजर आहे."

"आयला, आलं की!" भूषण म्हणाला.

मुलगी समोर बघत होती. तिचा डावा डोळा समोर होता, उजवा मात्र बाहेरच्या बाजूला झुकलेला, जन्मापासून झुकलेला. चित्राच्या कोपऱ्यात लाल अक्षरं चमकली : 'नजर भरकटली. इशारा पहिला.' मुलगी दचकली. तिनं मान ताठ केली, डोळे ताणले. 'इशारा दुसरा.' तिच्या मागं खाटेवर एक पुरुष पडून होता आणि एक बाई त्याच्या अंगाखालचं कापड बदलत होती. मुलीनं हळूच खुर्ची सरकवली, खाट आपल्या पाठीआड जाईल अशी. 'इशारा तिसरा. उमेदवार अपात्र.' पडदा काळा झाला.

"बंद कर," मालविका म्हणाली.

"अजून फाइली आहेत मॅडम, बघू तर..."

"बंद कर म्हटलं ना!"

ती डिस्क घेऊन परत आली आणि केबिनचं दार लावून बसली. सात हात. एक नाही, सात. आणि पानटपरीवर शोभेल असल्या डब्यानं चहाही न पिता त्यावरून मुलीच्या वेण्यांच्या रिबिनीचा रंग सांगितला होता. इतकी वर्षं ती ज्यांना हसली, त्या कुकरवाल्यात आणि तिच्यात फरक एवढाच होता की त्यानं शिट्ट्यांवर भागवलं होतं, तिनं वर सही ठोकली होती.

दुसऱ्याच दिवशी प्राध्यापक अवधूत निरगुडे आले.

शहराच्या प्रत्येक चौकात ज्यांचा हात उंचावलेला फोटो होता ते हे निरगुडे सर. 'अग्रपंक्ती क्लासेस'चे मालक. केस शाईसारखे काळे, भुवया मात्र पांढऱ्या. शेवटचं गणित त्यांनी कधी सोडवलं होतं कोण जाणे, पण बोर्डावर नावाआधी 'गणितमहर्षी' होतं. घरी बसून द्यायची वैद्यकीय प्रवेश परीक्षा सुरू झाली तेव्हा जिल्ह्यातल्या मुलांवर कॅमेऱ्यातून नजर ठेवायचं कंत्राट यांनीच घेतलं होतं. त्यासाठी 'गरुडनेत्र' नावाची प्रणाली आणली होती. मुलाची नजर पडद्यावरून हलली की ती इशारा देई. काम संपल्यावर सगळ्या डिस्क 'निर्लेख'मध्ये पुसून त्यांनी त्या जिल्हा परिषदेच्या शाळांना दान केल्या होत्या. दानाचे फोटो डिस्कपेक्षा जास्त निघाले होते.

"नमस्कार मॅडम! आपलं केंद्र म्हणजे नाशिकचं भूषण."

"भूषण समोरच्या दुकानात बसतो," मालविका म्हणाली.

निरगुडे उगाच मोठ्यानं हसले. "त्याच्याविषयीच बोलायला आलो. मी शाळांना दिलेल्या डिस्क आता जुन्या झाल्या हो. पोरांना नव्या द्याव्यात, असं फार मनात आहे. जुन्या आपण गोळा करा, आणि..." त्यांनी कागद चुरगळावा तशी मूठ वळली.

"फोडायला बंदी आहे."

"बंदी असते. भट्टीही असते. माझ्या मेहुण्याची आहे अंबडला."

"काय आहे त्या डिस्कवर?"

"काय असणार? पोरांचे पेपर, हजेरी. पण पोरांचा खासगीपणा आहे ना मॅडम! आपली काही नैतिक जबाबदारी आहे की नाही?" 'नैतिक' हा शब्द त्यांच्या तोंडात सैल कवळीसारखा हलत होता.

"परीक्षा देतानाच्या नोंदी आहेत त्यावर. एक मी पाहिली."

निरगुड्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. "निर्लेखमध्ये आत बघत नाहीत अशी ख्याती होती."

"होती."

"मग आता नीट ऐका." त्यांनी 'मॅडम' गाळलं. "त्या डिस्कवर माझं नाव नाही. तुमचा शिक्का आहे. पूर्ण पुसल्याचं तुम्ही लिहून दिलंय. ते बाहेर आलं तर माझं व्हायचं ते होईल. पण तुमचं एकही शून्यपत्र खरं राहणार नाही. बँका येतील, दवाखाने येतील. कुणाकुणाला तोंड द्याल?"

ते गेले तरी अत्तराचा वास खोलीत बसून राहिला. मालविकानं पंखा वाढवला. त्या माणसाचा तिला तिटकारा आला होता, यात नवल नव्हतं. नवल याचं होतं, की तो बरोबर बोलत होता आणि तिचं मन हिशेब करायला लागलं होतं. अंबड फार लांब नव्हतं. आपल्याच मनाकडे बघून तिला पहिल्यांदा शिसारी आली.

तिनं भूषणला फोन करून तो डबा दोन दिवसांसाठी मागून घेतला. त्याला बघायलाही थांबायचं होतं. तिनं त्याला दाराबाहेर काढलं, कडी लावली आणि स्वतःचा नियम मोडला.

तिला वाटलं होतं, कचरा असेल. निघाली ती घरं. कुणी गोठ्यात टेबल मांडून परीक्षेला बसलं होतं, मागं शेळी उभी. एका मुलाचा धाकटा भाऊ टेबलाखाली गुपचूप बसला होता, दादाचे पाय धरून. एका मुलीच्या घरी पलीकडच्या खोलीत आईबाप कडाकडा भांडत होते आणि ती एका हातानं कान दाबून दुसऱ्या हातानं उत्तरं टिपत होती. या सगळ्यांनी परीक्षा देण्यासाठी घर उघडं करून दिलं होतं, मग ते निरगुड्यांच्या दुकानात पडून राहिलं, मग मालविकाकडे आलं. तिनं त्यावर सात हात फिरवले आणि पाठवून दिलं.

डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात परीक्षेच्या आधीची एक नोंद होती. 'अग्रपंक्ती'चंच ऑफिस. गरुडनेत्राची चाचणी चालली होती. कॅमेऱ्यासमोर तिरळ्या डोळ्यांचा एक मुलगा बसला होता. त्यानं आपलं नाव सांगितलं, विश्वजित निमसे. मागं निरगुडे आणि एक तंत्रज्ञ उभे होते. कॅमेरा आपल्यालाही टिपतोय, याचं निरगुड्यांना भान नव्हतं.

"सर, हा समोरच बघतोय," तंत्रज्ञ सांगत होता. "मी याच्यासमोर बसून खात्री केली. पण तिरळा डोळा मशीनला कळत नाही. कॉपी म्हणून पकडतंय. दुरुस्त करायला महिना द्या."

"किती असतील अशी पोरं?"

"शंभरात दोन-तीन."

निरगुडे हसले. "मग चांगलंच आहे की! कुणीच सापडलं नाही तर प्रवेश मंडळ विचारेल, कंत्राट कशाला दिलं? दोन-तीन सापडायलाच हवेत. पेपरात येतं, कडक नजर आहे म्हणून. आणि तिरळी पोरं डॉक्टर होऊन कुणाला सुई टोचणार आहेत? चालू द्या."

मुलगा तिथंच बसला होता. तो ऐकत होता. त्यानं खाली मान घातली, आणि गरुडनेत्रानं इशारा दिला.

तेजल भामरे सापडायला अवघड गेलं नाही. त्या वर्षी 'कॉपी करताना सापडलेले' म्हणून पेपरात नावं छापली होती, गावासकट. सटाण्याजवळच्या त्या गावात कळलं, की तेजल आता पिंपळगावला द्राक्षांच्या शीतगृहात असते.

मालविका गेली तेव्हा ती थंडगार शेडमध्ये, डोक्याला जाळीची टोपी लावून, द्राक्षांचे घड उजेडाला धरून बघत होती. खराब मणी बारीक कात्रीनं टिपून काढत होती. तिच्या हाताखाली दहा-पंधरा बायका होत्या आणि त्या तिला वचकून होत्या. वेण्या गेल्या होत्या. डोळा तसाच होता. तिच्या नेमक्या कुठल्या डोळ्यात बघून बोलावं हे मालविकाला कळेना, आणि आपल्याला ते कळत नाहीये हे तेजलला कळलंय, हे तिला कळलं.

"तुमच्या परीक्षेची नोंद सापडली आहे," ती म्हणाली. "तुम्ही कॉपी केली नव्हती."

"ते मला माहितेय. तुम्हाला आत्ता कळलं." तेजलनं एक मणी टिपला. "ती नोंद तर पुसली होती म्हणे. आम्ही मागितली तेव्हा तसंच सांगितलं त्यांनी."

"हो."

"कुणी पुसली?"

"मी."

कात्री थांबली. "आत काय आहे ते बघून?"

"न बघता. आमच्याकडे बघत नाहीत. नियम आहे तसा."

"म्हणजे कुणाचं काय पुसतोय, ते कधी विचारलंच नाही?"

"विचारायचं नसतं."

"लई सोयीचा नियम आहे, बाई." तेजलनं घड पेटीत ठेवला आणि दुसरा उचलला. "आता काय, नाव धुवून देताय माझं? आठ वर्षांनी? तीन वर्षं परीक्षेला बंदी घातली मला. तिसऱ्या वर्षी पुस्तकं रद्दीत गेली. वडील, आमचे दादा, पहिल्याच वर्षी गेले. येईल-जाईल त्याला खाटेवरून सांगायचे, पोरीनं कॉपी केली नाही. पण लकव्यानं जीभ उचलत नव्हती त्यांची. लोकांना वाटायचं, पाणी मागतायत. पाणी आणून द्यायचे."

आयुष्यभर मालविकाच्या जिभेवर तयार असलेली टोचणारी वाक्यं होती. त्यांतलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं.

मग तेजलच वेगळ्या आवाजात म्हणाली, "त्या नोंदीत... मागची खाट दिसते का?"

"दिसते."

"दादा दिसतात?"

"दिसतात."

"त्यांचा हलता असा व्हिडिओच नाही आमच्याकडे. फोटोय तो पण लग्नातला." तिनं टोपी काढली, परत घातली. "येते मी. रविवारी सुट्टी असते."

रविवारी ती आली. मालविकानं नोंद लावून दिली आणि बाहेर जायला निघाली. "बसा," तेजल म्हणाली. "एकदा पाहिलंयच ना तुम्ही."

तेजलनं स्वतःकडे पाहिलंच नाही. तिचा चेहरा पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे होता. मालविकाच्या लक्षात न आलेलं तिथं होतं. आई कापड बदलत असताना तो माणूस बायकोकडे बघत नव्हता, छताकडे बघत नव्हता. त्याचे डोळे मुलीच्या पाठीवर होते आणि ओठ हलत होते, जणू तोच पेपर सोडवतोय. मग खुर्ची सरकली आणि तो दिसेनासा झाला.

"लाज वाटत होती मला," तेजल म्हणाली. "कॅमेऱ्यात दादा असे दिसू नयेत म्हणून मी मधे आले." थोड्या वेळानं ती म्हणाली, "परत लावा."

तिनं ती नोंद किती वेळा पाहिली, ते मालविकानं मोजलं नाही. नंतर तिनं चाचणीची नोंदही दाखवली. निरगुडे हसले त्या जागी तेजलच्या चेहऱ्यावर राग आला नाही. बुरशी लागलेल्या घडाकडे बघावं तसं तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"ही देणार मी मंडळाला आणि कोर्टात," मालविका म्हणाली. "सोबत लिहून देणार, की माझी सगळी शून्यपत्रं खोटी आहेत. त्याशिवाय ही नोंद आली कुठून, ते सांगता येणार नाही."

"आणि त्या पोराला विचारलंत?"

"कुणाला?"

"खुर्चीत बसलाय तो. त्याचं तोंड टीव्हीवर दिसणार ना?"

एवढं सगळं होऊनही मालविकाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. नियम मोडला होता, वळण मोडलं नव्हतं.

विश्वजित निमसे ओझरला गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. फोनवर त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "द्या," तो म्हणाला. "मी तिथंच होतो. सगळं ऐकलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही."

पुढचं फार झपाट्यानं घडलं. निरगुडे वाहिन्यांवर झळकले. चित्रफीत बनावट आहे, बाई धंद्यात बुडालेली आहे आणि वयोमानानं तिचं डोकं ठिकाणावर नसावं, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मग नोंदीतला तो तंत्रज्ञ स्वतःहून पुढे आला आणि त्यानं तोंड उघडलं, तेव्हा सरांची छाती एकाएकी दुखायला लागली आणि त्यांची चौकशी दवाखान्यातल्या वातानुकूलित खोलीत सुरू झाली. चौकातले हात उंचावलेले फोटो मात्र तसेच होते. ते काढायचं कंत्राट अजून कुणाला दिलेलं नव्हतं. 'निर्लेख'वर बँकांच्या नोटिसा आल्या, वकील येऊन ओरडून गेले, आणि मालविकानं आपला बोर्ड स्वतः उतरवला.

समोर भूषणच्या दुकानापुढे रांग लागली होती. मालविका रोज ती रांग बघे. लोक स्वतःचं हरवलेलं शोधायला आलेत, असं सुरुवातीला तिला वाटलं होतं. पण हातातल्या पिशव्या बघितल्या की कळे. कुणी भावाची डिस्क आणली होती, कुणी भाडेकरूची, कुणी मेलेल्या सासूची. एका इस्त्रीच्या कपड्यांतल्या गृहस्थानं तर वाचनालयातून चक्क चोरून आणली होती. काय सापडेल ते सापडेल, म्हणाला. पुसलेलं वाचता येतं म्हटल्यावर सज्जन माणसांच्या तोंडाला सुटलेलं पाणी बघून तिला आपली जुनी कुकरवाली गिऱ्हाइकं देवमाणसं वाटायला लागली. बिचारी लपवत होती, निदान दुसऱ्याचं उकरत नव्हती.

प्रवेश मंडळाच्या चौकशी अधिकाऱ्यानं तिला बोलावलं. तेजलही सोबत होती. अपात्र ठरवलेल्या प्रत्येक मुलाचं प्रकरण आता नव्यानं बघणार, असं तो म्हणाला. "शाळांमधून सगळ्या डिस्क मागवून घेतल्यात. तुम्ही त्या वाचून द्या. सगळ्या नोंदी फायलीला लागतील, दोन्ही बाजूंच्या वकिलांना प्रती जातील."

"सगळ्या?" मालविकानं विचारलं. "ज्यांना कुणी पकडलं नाही त्या मुलांच्याही?"

"तुलनेला लागतील ना!"

"त्यात त्यांची घरं आहेत."

"मग?"

"त्यांना विचारलं पाहिजे," ती म्हणाली. तेजल खिडकीबाहेर बघत होती, पण ऐकत होती.

अधिकारी हसला. मालविकाला ते हसू ओळखीचं वाटलं. परिषदेतल्या त्या तरुणाला ती असंच हसली असणार. "मॅडम, हा तपास आहे. लग्नाची बोलावणी नव्हेत. हजारो मुलं आहेत ती."

"पुढच्या तारखेपर्यंत वेळ द्या. मी फोन करते."

त्यानं खांदे उडवले आणि वेळ दिला. फुकट काम करणाऱ्या माणसाला वेळ द्यायला त्याचं काय जात होतं?

रिकाम्या 'निर्लेख'मध्ये, जिथं तिची यंत्रं होती त्या जागी, मालविकानं टेबल मांडलं आणि मंडळाच्या यादीवरून एकेकाला फोन लावायला घेतला. सुट्टीच्या दिवशी तेजलही येऊन बसू लागली. काही जण चिडले, काहींना ती फसवणूक वाटली, काही "बघा, दाखवा, आमचं काय जातंय" म्हणाले. एक मुलगा आता पोलिसात होता. त्याला आधी रागच आला आणि मग त्यानं शेळीची चौकशी केली.

एका दुपारी फोन एका बाईनं उचलला. ती आज्ञाधारकपणे आपलं पूर्ण नाव सांगती झाली, परीक्षेत सांगितलं असेल तसंच. मागं लहान मूल रडत होतं. मालविकानं नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. तुमची आठ वर्षांपूर्वीची एक नोंद माझ्याकडे आहे. ती पुसली होती, पण पुसली गेली नाही. मी ती अजून उघडलेली नाही.

"ज्या दिवशी परीक्षा होती त्याच दिवसाची?" बाईनं हळू आवाजात विचारलं.

"हो."

दार लोटल्याचा आवाज आला आणि रडणं लांब गेलं.

"उघडू का?" मालविकानं विचारलं. "तुम्ही नको म्हणालात तर नाही उघडणार."

"नको," ती बाई म्हणाली. "अजिबात नको." आणि मग, श्वास रोखल्यासारखी, "पण मी नको म्हटलं, तर तुम्हाला ती पुसता येईल का?"